मागच्या चाकांचे तोडे

राजवीर जाऊन दोन वर्षं झाली, तरी शालूबाई दर अवसेला आपल्या मुलाला भेटून येत होत्या. ती भेट घडवून आणायचं काम धाकट्या लेकीकडं, संयोगिताकडं होतं.

सकाळी पूजा आटोपली की आई केळीच्या पानात दहीभात बांधायची. संयोगिता शेडमधून राजवीरची लाल स्पोर्ट्स कार काढायची, आईला डाव्या सीटवर बसवायची आणि राजारामपुरीतून निघून रंकाळ्यावरून गगनबावड्याच्या रस्त्याला लागायची. करूळ घाट उतरायला लागलं की एक वळण येतं, तिथं कठड्याचे दगड नवे बसवलेले दिसतात. त्या वळणाच्या अलीकडं आई म्हणायची, "आता दाब." संयोगिता ब्रेक दाबायची. गाडीचं नाक खाली जायचं, मागचा भाग हलका व्हायचा आणि कुणीतरी मागून धरून ओढावं तसं गाडीचं शेपूट बाजूला सरकायचं. आई डोळे मिटून म्हणायची, "आला बघ."

मग दहीभात कठड्यावर ठेवायचा, कावळा शिवेपर्यंत थांबायचं, येताना गगनबावड्याला चहा घ्यायचा. चहा पिताना आई राजवीरच्या गोष्टी सांगत बसायची. पुढचे चार-आठ दिवस ती पोटभर जेवायची, शेजारणीशी बोलायची, संयोगिताला स्वयंपाकावरून टोमणेसुद्धा मारायची. हसायचं असेल त्यानं ह्यावर खुशाल हसावं. ज्याच्या घरातलं माणूस ताटावरून उठून गेल्यासारखं गेलेलं नाही, त्याला हसायला काय जातंय.

राजवीरला गाडीचा नाद होता. कोल्हापुरात माणसाला नावं ठेवलेली एकवेळ खपतात, त्याच्या गाडीला ठेवलेली खपत नाहीत, आणि राजवीर तर ह्या बाबतीत कोल्हापूरकरांच्याही वरचा होता. शाहूपुरीत बापामागं राहिलेलं पाण्याच्या पंपांचं दुकान तो आणि संयोगिता मिळून चालवायचे, आणि दुकानातून सुटला की तो गाडीखाली. ही जुनी जपानी दोन दारांची गाडी त्यानं पुण्याहून आणली, तिचं इंजिन उघडून बांधलं, आणि ती पळायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की थांबायला कमी पडते. मग त्यानं पुढच्या चाकांना मोठे ब्रेक बसवले. चाकाच्या जाळीतून दिसणारी भलीमोठी तबकडी, आणि तिला दोन्ही अंगांनी आवळून धरणारा लालभडक कॅलिपर. गल्लीतली पोरं वाकून वाकून बघायची.

त्या साली खंडेनवमीला आईनं गाडीची पूजा केली. आई माहेरची पेठ वडगावची. तिच्या वडिलांची बैलजोडी बेंदराला निघाली की बघायला गाव लोटायचं. शिंगापासून खुरापर्यंत बैल सजवायचा ही त्या घरातली रीत, अर्धामुर्धा सजवलेला बैल दारातून बाहेर काढला तर तिचा बाप त्या दिवशी जेवायचा नाही. हळदकुंकू लावत लावत आई गाडीभोवती फिरली आणि मागच्या चाकापाशी थांबली. तिथला ब्रेक जुनाच, बारका, काळपट.

"पुढच्या पायात तोडं घातलंस आणि मागचं भुंडं ठेवलंस व्हय?" ती राजवीरला म्हणाली. "मागच्या पायांनी तुझं काय घोडं मारलंय?"

सगळे हसले. राजवीर म्हणाला, मागं तेवढी गरज नसते. आईनं ऐकलं नाही. दसरा झाला, कोजागरी झाली, तरी तिचं टुमणं सुरूच. शेवटी आईचं मन मोडायला नको म्हणून त्यानं मागच्या चाकांनाही तसलेच मोठे लाल कॅलिपर मिळवले. ते बसायला लागणारी पट्टी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून घडवून घेतली. उद्यमनगरात नमुना टेबलावर ठेवला की काय म्हणाल ते बनतं, बनवू का नको एवढंच तिथं कुणी विचारत नाही. पाडव्याला आईनं चारी चाकांना ओवाळलं. मार्गशीर्षात एका सकाळी करूळ घाटात गाडी गर्रकन उलटी फिरली आणि राजवीरच्या बाजूनं कठड्यावर आदळली.

लोक म्हणाले, जागा वाईट आहे. ट्रकवाले तिथं नारळ फोडून पुढं जातात, पोरानं फोडला नसेल. कुणी म्हणालं तेल सांडलं होतं, कुणी म्हणालं काहीतरी आडवं आलं. आई काहीच म्हणाली नाही. तिचं बोलणंच बंद झालं. गाडी भंगारात घालायचा विषय निघाला तेव्हा मात्र ती शेडच्या दारात जाऊन बसली आणि गाडी दुरुस्त करायचं ठरेपर्यंत अन्नाला शिवली नाही. दुरुस्त करणाऱ्यानं पत्रा सरळ केला, दार नवं लावलं, ब्रेक जसे होते तसे ठेवले. ते चांगले शाबूत होते.

पुढं एकदा संयोगिता आईला त्याच गाडीतून डॉक्टरकडं नेत असताना कुत्रं आडवं आलं. तिनं ब्रेकवर पाय मारला आणि गाडीचं शेपूट झटका देऊन सरकलं. महिनोन्‌महिने मुकी बसलेली आई मागं वळून बघत म्हणाली, "राजवीर हाय की गं हितं." लहानपणी तो असाच मागून येऊन तिचा पदर ओढायचा. त्या रात्री आईनं स्वतः होऊन भाकरी मागितली. संयोगितानं भाकरी वाढली आणि आत जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली.

तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या माणसालाही सवय लागते. दुकानातून एकटी घरी येताना, रस्ता मोकळा बघून, ती जरा जोरात ब्रेक दाबायची. शेपूट हलायचं. अंगावर काटा यायचा, आणि तो काटा तिला हवासा वाटायचा. मग ती रिकाम्या डाव्या सीटकडं न बघता सांगायची, दादा, आज आई जेवली. दादा, आज मोठी ऑर्डर आली. त्याच्या येण्याच्या तऱ्हाही तिला पाठ झाल्या होत्या. सकाळी गाडी थंड असली की तो यायचा नाही. हळू गेलं तर यायचा नाही. उताराला, गाडी चांगली तापल्यावर, हमखास यायचा. आई म्हणायची, त्याला पहिल्यापासून उठायचा कंटाळा, आणि शेवटी घाटच आता त्याचं घर.

हळूहळू आईला तेवढ्यानं भागेना. दर अवसेला तिचं मागणं वाढत गेलं. "जरा जोरात दाब की गं. लांब असंल तो." संयोगिता जोरात दाबायची. शेपूट आणखी सरकायचं, आई आणखी खूश व्हायची, आणि संयोगिता स्टिअरिंग आणखी घट्ट धरायची.

मग ती उन्हाळ्यातली अवस आली. घाटातलं सगळं उरकून दोघी परतत होत्या. कळे गावाच्या अलीकडं शाळा सुटून सायकलवरून घरी निघालेल्या मुलींचा घोळका एकदम रस्त्यावर आला आणि संयोगितानं जीव खाऊन ब्रेक दाबला. ह्या वेळी शेपूट सरकून थांबलं नाही. ते पुढं यायला निघालं. झाडं, शेत, रस्ता सगळं काचेतून आडवं धावत गेलं आणि गाडी रस्त्याला आडवी होऊन थांबली. मागचा बंपर आणि एका मुलीची सायकल ह्यांच्यात हात घालायला जागा उरली होती. मुलगी हँडल घट्ट धरून तशीच उभी.

संयोगितानं आईकडं पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिचे डोळे चमकत होते, गाल लहान मुलीसारखे लाल झाले होते.

"आज किती जोरात आला," ती म्हणाली.

राजवीर गेल्यापासून संयोगिताला घाटाची भीती वाटली नव्हती, वळणाची वाटली नव्हती. त्या क्षणी तिला शेजारी बसलेल्या आईची भीती वाटली.

शिरोलीला श्रीशैल नावाच्या माणसाचं गॅरेज होतं. तो नेसरीचा, शिकून इंजिनिअर झालेला, बरीच वर्षं शर्यतीच्या गाड्यांमागं देशभर हिंडून परत आलेला. संयोगितानं त्याला फक्त एवढंच सांगितलं की ब्रेक लावला की गाडी मागून ओढल्यासारखी होते. श्रीशैलनं तिला सोमवारी बोलावलं. सोमवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी, रस्ते ओस. गाडी चांगली तापेस्तोवर त्यानं तिला चकरा मारायला लावल्या, मग स्वतः रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि म्हणाला, माझ्यासमोर आल्यावर ब्रेक मारा. तिनं मारला. शेपूट सरकलं. तो उठून रस्त्यावर चालत गेला आणि तिला हाक मारली.

डांबरावर रबराचे दोन काळे पट्टे उमटले होते. दोनच. तो म्हणाला, मी बघत होतो, पुढची चाकं फिरत होती, मागची जागच्या जागी थांबली होती. संयोगिता त्या पट्ट्यांकडं बघत राहिली. घाटातल्या वळणावरही दोनच होते. तिनं बघितले होते, पंचनामा करणाऱ्यांनी बघितले होते, सगळ्या भावकीनं बघितले होते.

"ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं पळतंय, अक्का," श्रीशैल सांगायला लागला. त्याच्या गावाकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. "मागची चाकं हलकी हुत्यात. उतारावर तर लईच हलकी. हलकं चाक जोरात धरलं की जाम. आणि जाम झालेलं चाक रस्ता धरत न्हाय, ते सरळ पुढं यायला बघतंय. म्हणून कंपनी मागं मुद्दाम बारका ब्रेक देती. पुढं किती वाढवलं तर मागं किती ठेवायचं, ह्येचा हिशोब आधी करायचा असतोय. हितं चारीला सारखंच घातलंय. वर मागचं पॅडबी शर्यतीचं, तापलं की जास्तच धरणारं."

तापलं की जास्त. उताराला लईच. संयोगिताला एकेक गोष्ट उलगडत गेली आणि प्रत्येक गोष्टीबरोबर दादा थोडा थोडा गाडीतून कमी होत गेला. गाडी थंड असताना का येत नव्हता, हळू गेलं तर का येत नव्हता, घाटातच का यायचा. तिला वाटलं, ह्या माणसानं आता गप्प बसावं.

"मागचं बसवायचं कुणाच्या डोक्यातनं आलं?" श्रीशैलनं विचारलं. "पुढचं काम नीट हाय. करणाऱ्याला कळत हुतं. मागं त्यानं असं का केलं?"

"भावाच्याच डोक्यातनं," संयोगिता म्हणाली.

आणि मगच तिला ते पुरतं समजलं. पुढच्या पायात तोडं आणि मागचं भुंडं. आईचं ते दसऱ्यापासूनचं टुमणं. पाडव्याची ओवाळणी. ती गाडीच्या दाराला टेकून खाली बसली. श्रीशैलनं घाईघाईनं पाणी आणलं. ब्रेक बदलायचे हे उघड होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ब्रेक बदलले की दादा यायचा बंद होणार हेही उघड होतं. पण तो का बंद झाला, असं आईनं विचारलं तर काय सांगायचं? मागचे ब्रेक बदलले, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. आई अडाणी नव्हती. पुढचं तिचं तिला कळलं असतं, आणि ते कळल्यावर आई जगली नसती.

तिनं श्रीशैलला विचारलं, थोडं ठेवता येईल का. त्याला कळेना, काय थोडं. ती म्हणाली, शेपूट. अगदी थोडं हललं तरी चालेल.

श्रीशैलनं वाकून मागच्या चाकाकडं पाहिलं. मग म्हणाला की मागचा दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह मिळतो, शर्यतवाले लावतात. "पण थोडं म्हणून ठेवलंसा, तर ते थोडं गावातल्या रस्त्यावर. घाटात जोरात ब्रेक लागला की तेच थोडं लई हुतंय. कुणाला न्यायचं हाय गाडीत?"

"आईला."

"मग नको," तो म्हणाला.

मूळचे बारके ब्रेक राजवीरनं दुकानाच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवले होते. संयोगितानं ते आणून दिले. श्रीशैलनं ते साफ करून मागच्या चाकांना बसवले, पुढचे मोठे ठेवायचे तर त्यांना पॅड कुठले घालायचे हे दोन-तीन जोड्या बदलून ठरवलं, आणि गाडी सरळ थांबेपर्यंत सोडली नाही. काढलेल्या लाल कॅलिपरचं काय करायचं असं त्यानं विचारलं तेव्हा संयोगितानं जे मागितलं ते ऐकून तो चिडला. नुसतं दिसायला लाल टोपणं लावून मागणाऱ्या पोरांना तो गॅरेजमधून हाकलून द्यायचा. पण तिनं त्याला हात जोडले. शेवटी त्यानं बारक्या ब्रेकवर बसतील अशी लाल पत्र्याची टोपणं घडवली आणि जाळीतून बघणाऱ्याला फरक कळणार नाही अशी बसवून दिली. आतून पोकळ, कशालाही न धरणारी.

पुढच्या अवसेला आईनं निघताना चारी चाकांना हळदकुंकू लावलं. मागच्या चाकाशी वाकून तिनं जाळीतून आत बोट घातलं, लाल टोपणाला कुंकू टेकवलं, आणि गाडीत येऊन बसली. संयोगितानं लगोलग गाडी सुरू केली.

घाट लागला. पाऊस अजून लांब होता, दरीतून गरम वारा वर येत होता. नव्या दगडांचा कठडा दिसायला लागला तशी आई सावरून बसली आणि म्हणाली, "आता दाब."

संयोगितानं दाबला. नाक खाली गेलं, दोघींच्या अंगाला पट्टे आवळले, आणि गाडी होती त्या रेषेत थांबली.

आईनं डोळे मिटलेले होते. ते तिनं उघडले. "परत," ती म्हणाली. मागं-पुढं कुणी नव्हतं. संयोगितानं गाडी मागं नेली, परत आणली, परत दाबला. गाडी सरळ थांबली. आई म्हणाली, जोरात. तिनं जोरात दाबला. आई म्हणाली, अजून जोरात. पानातला दहीभात सांडून आईच्या लुगड्यावर पडला, तिचं तिकडं लक्षही नव्हतं. ती मागं वळून सीटच्या पाठीमागच्या फटीत बघत होती. लपलेल्या पोराला शोधावं तसं तिनं तिथं हात घालून चाचपलं.

मग ती सरळ बसली आणि संयोगिताकडं वळली.

"गाडीला काय केलंस? ब्रेकला हात लावलास?"

संयोगितानं वाटेत शंभर उत्तरं जुळवली होती. पॅड झिजले होते, टायर बदलले, चाकांत हवा कमी आहे. त्यातलं प्रत्येक उत्तर फिरून फिरून मागच्या चाकाशीच जाऊन थांबत होतं. आई वाट बघत होती.

"ब्रेकला कुणी हात लावला न्हाय," ती म्हणाली. "मीच त्येला सांगितलं, आता येऊ नको."

"तू?"

"व्हय. मला भ्या वाटायला लागलंतं. त्या दिवशी ती पोरगी मेली असती. मी म्हटलं, दादा, लई झालं, आता आमचं आम्हाला जगू दे. ऐकलं त्यानं."

आई तिच्याकडं बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर संयोगितानं तो अंगावर घेतला असता. रागही नव्हता. बाजारात अनोळखी बाईकडं बघावं तसं आई तिच्याकडं बघत होती.

"माझ्या पोराला तू वाटंत सोडलंस," ती म्हणाली.

तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं, म्हणून संयोगितानं दात घट्ट मिटून घेतले.

गगनबावड्याला चहाच्या टपरीपाशी तिनं नेहमीसारखी गाडी थांबवली. आई उतरली, पण टपरीकडं गेली नाही. ती स्टँडकडं चालायला लागली. संयोगिता मागून धावली, तिचा हात धरला. आईनं तो सोडवून घेतला.

"मी यष्टीनं जातो," आई म्हणाली. "त्या गाडीत आता कोण हाय माझं?"

कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती. आई चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

एसटी निघाली. तिच्या मागं संयोगिता निघाली. ओव्हरटेक करायला जागा होती, तिनं केलं नाही. प्रत्येक थांब्याला एसटीचे मागचे लाल दिवे लागायचे, माणसं चढायची, उतरायची, आणि ती मागं अंतर ठेवून थांबायची. मागच्या काचेतून आईच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता. आईनं एकदाही वळून बघितलं नाही. ती जगणार होती. आता जेवणार नाही कदाचित, बोलणार नाही, लेकीच्या हातचं पाणीही काही दिवस घेणार नाही, पण जगणार होती.

कळे गाव मागं पडलं. रस्ता सरळ आणि मोकळा झाला, एसटी लांब गेली. संयोगितानं आरशात बघितलं. मागं कुणी नव्हतं. समोरही काही आडवं आलं नव्हतं. तरी तिनं अंगातला सगळा जोर लावून ब्रेक दाबला आणि श्वास रोखून वाट बघितली.

गाडी सरळ थांबली.